काळूमामांचा बोर्ड

किस्से कोणी जमवत नाही हो, ते आपोआप साठतात. पावसाळा संपला की शाळेच्या कोपऱ्यात विसरलेल्या छत्र्या साठतात ना, तसे! मी गणिताचा मास्तर. नव्वदच्या दशकात डोळखांबच्या बाजूला, डोंगरातल्या एका हायस्कूलवर लागलो. घर सापगावला, डोळा कल्याणवर. बदलीचा अर्ज कायम वरच्या खिशात! तो अर्ज कुठल्याही साहेबाने कधी वाचला नाही, याबद्दल मी आज देवाला हात जोडतो.

आमच्या स्टाफरूमच्या निम्म्या किश्शांत एकच शब्द यायचा. बोर्ड!

* * *

त्याला कारण आमचे हेडमास्तर, वेखंडे सर. इंग्रजी शिकवायचे आणि प्रत्येक शब्दाची कुंडली मांडायचे. दहावीच्या पहिल्या तासाला ठरलेलं भाषण.

"पोरांनो, बोर्डाला घाबरता? अरे, बोर्ड म्हणजे मुळात साधी लाकडाची फळी! तिचं टेबल झालं. टेबलावर जेवण आलं, तर जेवणालाही बोर्ड म्हणायला लागले. मग त्याच टेबलाभोवती साहेब लोक बसले, ते मंडळही बोर्ड. तेच तुमची परीक्षा घेतात!"

दारात आमचे शिपाई काळूमामा उभे. जवळच्याच पाड्यावरचे, शिक्षण चौथी. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे आदी फळी, मंग जेवण, मंग सायेब. बराबर हाय, सर. आपल्याकडं पन सायेब जेवणाच्या टायमालाच येतो!"

पुढचा अर्धा तास कोणी शिकलं नाही, सर धरून.

* * *

आणि साहेब आलेच की एकदा, तपासणीला! आदल्या दिवशी निरोप. आमचे फळे पार पांढरे पडलेले. रंगाला कुठे धावणार? मामांचा उपाय तयार होता. बॅटरीच्या जुन्या सेलमधला कोळसा कुटायचा, माक्याच्या पाल्याच्या रसात घोटायचा आणि फळ्याला फासायचा. फळा असा काळाभोर व्हायचा की बघत राहावं.

फक्त वाळायला वेळ लागायचा. साहेब सकाळीच हजर! पांढराशुभ्र सफारी. बोलता बोलता टेकले ना फळ्याला! मामा शांतपणे पुढे झाले.

"सायेब, बोर्डावर टेकायचं नाय. लिवायचं."

साहेब पाठ काळी करून गेले, पण शेरा चांगला देऊन गेले. भला माणूस.

* * *

दुसरा बोर्ड भिंतीवरचा, विजेच्या बटणांचा. शाळेत वायरिंग झालं, बटणं बसली, वीज मात्र दोन वर्षं आली नाही. तरी मामा सकाळी सगळी बटणं लावायचे आणि संध्याकाळी न चुकता बंद करायचे.

"मामा, लाइट नाही तर बटणं कसली दाबता?"

"सवय पायजे, सर. उद्या लाइट आली आन् आपला हात नाय बसलेला, तर ती काय म्हनंल?"

अखेर लाइट आली. त्या संध्याकाळी मामा दिव्याकडे बघत बसले ते बसलेच. बंद करायला मात्र साफ विसरले!

* * *

आता मंगल. मामांच्या पाड्यावरची, माझ्या गणितात पहिली. तिच्या पाड्यातून तोवर एकही मुलगी बोर्डाला बसलेली नव्हती. कारण साधं होतं. दिवाळी झाली की पाडा मुरबाडकडे वीटभट्टीवर जायचा, तो पावसाच्या तोंडावर परतायचा. परीक्षा मार्चमध्ये. हजेरीपटावर नाव असायचं, बाकावर पोर नसायची.

दिवाळीनंतर तिचा बाप, बुधाजी, ऑफिसात आला. निघायची तयारी झालेली.

"सर, पोरगी हुशार हाय, मला कळतं. पन तिला एकटी ठेवू कुठं? ती खाईल काय?"

मंगल खिडकीबाहेर उभी राहून ऐकत होती. घंटा द्यायला निघालेले मामा तिथेच थांबले.

"ठेव माझ्याकडं. आमी दोगं खातो ते तीबी खाईल."

झालं! मंगल मामा-मामींकडे राहिली. आम्ही सगळे डब्यात एक भाकरी जास्तीची आणायला लागलो. माझी बायको तर आधी तिची भाकरी बांधायची, मग माझी. परीक्षेचं सेंटर शहापूरला. प्रत्येक पेपरला मामा तिला सकाळच्या एसटीने न्यायचे आणि पेपर संपेपर्यंत बाहेर झाडाखाली बसायचे, जणू पेपर त्यांचाच!

जूनमध्ये निकाल लागला. मंगल पास! बुधाजीही भट्टीवरून परतलेला. मामांनी सगळ्या स्टाफला घरी जेवायला बोलावलं. गावठी कोंबडं, तांदळाच्या भाकऱ्या. खोटं कशाला बोलू, मी तिथे रडलो. त्याच रात्री बदलीचा अर्ज चुलीत घातला.

मामांच्या घरात पाट एकच. मामींनी गडबडीत तो भिंतीशी मांडला. "सर, तुमी बसा." वेखंडे सर धोतर सावरून बसणार, तेवढ्यात मंगल ओरडली,

"सर, थांबा! त्याच्यावर गणितं हायत!"

आम्ही वाकून बघितलं. पाट काळाभोर. सेलचा कोळसा, माक्याचा रस. त्यावर खडूने माझीच गणितं, बारीक अक्षरात, कडेपर्यंत भरलेली. मामी म्हणाल्या, "हिवाळाभर आमी पाटाशिवायच जेवलो. पुसू म्हनलं, तर हे पुसूच देत नाय."

सरांनी पाट उचलला, कपाळाला लावला आणि खाली जमिनीवर बसले. भाकरी वाढताना मामा हळूच म्हणाले,

"सर, फळी झाली. जेवण झालं. आता सायेब तेवढा ऱ्हायलाय."

आणि त्यांनी मंगलकडे बघितलं.