रंगाखाली अडकलेला करंट

मंडळी, आज दुपारी मिरजगावात माझ्या गाड्यांच्या वायरिंगच्या गॅरेजसमोर मांडवाचं सामान भरलेला ट्रक बंद पडला. संध्याकाळी तिसगावात हळद, आणि ड्रायव्हर भाऊसाहेब घामाघूम.

"ताई, स्टार्टर गेला हाय. खोला पटकन!"

हॉर्न खणखणीत वाजत होता, पण चावी फिरवली की नुसता 'टक्' आवाज. बॅटरीत दम होता, तो स्टार्टरपर्यंत पोचत नव्हता. स्टार्टर खोलण्याआधी, करंटची परतीची वाट तपासायला मी बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनला माझी जाड केबल लावली.

"मारा चावी."

इंजिन धडधडलं!

म्हणजे स्टार्टर ठणठणीत, खोट परतीच्या वाटेत. मग चेसीवर, म्हणजे ट्रकच्या लोखंडी सांगाड्यावर, बॅटरीची निगेटिव्ह केबल जोडणारा अर्थिंगचा बोल्ट खोलला. त्या केबलखाली नवाकोरा निळा रंग, त्यानंच करंट अडवलेला.

"परवाच रंगवली, लई हौसेनं," भाऊसाहेब ओशाळले.

रंग खरवडून लोखंड उघडं केलं, बोल्ट आवळला, माझी केबल काढली.

"आता तिसगावपर्यंत इंजिन बंद करत न्हाई."

"माझ्यासमोर बंद करा, परत चालू करा."

त्यांनी भीतभीत केलं. पहिल्याच चावीला सुरू! मग न सांगता त्यांनी आणखी एकदा बंद-चालू केलं आणि खळखळून हसले.

तेव्हापासून मीही खुशीत आहे. तुमच्या कामात असं हसू शेवटचं कधी बघितलंत?