लेकीचं बोलणं आणि आमची तोंडं

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडच्या दोन खोल्यांत सासू, सासरे, नणंद, नवरा आणि मी, असे पाच जण. पाचही अखंड बोलणारे. आणि लेक दोन वर्षांची होऊन गेली तरी तिच्या तोंडातून शब्द नाही! कुणीतरी म्हणालं, ऐकू येत नसेल. मी घाबरलेच.

सासूबाई मालवणच्या. "तुझो घोव पण उशिरानच बोलाक लागलो. आता थांबता काय?" म्हणत माझ्या नवऱ्याचा दाखला द्यायच्या, पण मनातून त्याही धास्तावल्या होत्या. पोपटाने उष्टावलेला पेरू खाल्ला की मूल बोलतं, म्हणून त्यांनी सासऱ्यांना कामाला लावलं. ते शेजाऱ्यांच्या पिंजऱ्यासमोर पेरू धरून अर्धा अर्धा तास उभे. मेला पोपट अख्खा पेरू फस्त करायचा आणि नात कडेवर बसून टाळ्या पिटायची.

शेवटी तिला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी लेकीच्या पाठीमागे घंटी वाजवली, खुळखुळा हलवला, नुसतं कुजबुजूनही पाहिलं. दरवेळी ती वळली. "कान ठणठणीत आहेत," बाई म्हणाल्या. मग तिलाच विचारलं, "खाऊ हवा का गं?"

"बिस्किट आवडतं तिला," मी म्हटलं.

"दुपारी झोपतेस का?"

"कुठली झोपतेय!" मीच.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, पेशंट कोण? ती की तुम्ही? घरीही असंच चालतं?"

माझं तोंड एवढंसं झालं. लेकीने बोट दाखवायचा अवकाश, आम्ही पाचही जण धावायचो. बाईंनी फर्मान काढलं: ती काहीतरी म्हणेपर्यंत थांबायचं, तिच्या वतीने कुणी बोलायचं नाही.

वाट लागली आमची! सासूबाई पदराआडून खडीसाखर द्यायच्या आणि पकडल्या गेल्या की म्हणायच्या, "मी खंय दिलंय?"

चौथ्या दिवशी जेवताना लेकीने आमटीच्या वाटीकडे बोट केलं. मी ओठ घट्ट मिटून बसले.

"अगो, दी मगे तिका!" सासूबाई कळवळल्या.

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय ना!"

"डॉक्टरीण काय रांधून घालता?"

आमचं चांगलंच जुंपलं. लेक एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. मग कपाळाला आठ्या घालून अगदी स्पष्ट म्हणाली, "गप!"

आम्ही दोघी गप्प. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण त्या घरातली शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. सासूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, माझ्याही. आनंद झालाच, पण लाजही वाटली. पोर दोन वर्षं आमचा शब्दन् शब्द ऐकत होती, फक्त मध्ये शिरायला तिला जागा मिळत नव्हती.