वैशालीताईंनी आखलेली हद्द

वैशालीताई पाटील रागाने लिहिलेलं काहीही मोठ्याने वाचून दाखवायच्या. आवाजात चीड नाही, नाटक नाही. सोसायटीची नोटीस वाचावी तसा सपाट सूर. "तुमीच लिवलंय ना? मग ऐका," एवढंच म्हणायच्या. लिहिणारा समोर असला तर दुसऱ्या-तिसऱ्या ओळीलाच त्याची मान खाली जायची.

आमची ओळख मोबाइलवरच्या मराठी कीबोर्डमुळे झाली. कोणीही फुकट वापरावा, कोणीही सुधारावा असा तो कीबोर्ड आम्ही काही जण नोकऱ्या सांभाळून चालवत होतो. ताई जुईनगरजवळच्या जुन्या गावातल्या. महाप्याला एका कंपनीत टेस्टिंग करायच्या. आमच्या ग्रुपची आचारसंहिता होती आणि तक्रारी ऐकायला तिघे होतो : ताई, देशपांडे आणि मी.

ऋतुजा ग्रुपमध्ये नवीन होती. तिने महेशच्या कामातली एक चूक दाखवली. कीबोर्डचा निम्मा कोड महेशचा. सगळ्यांसमोर त्याने तिचे आभार मानले आणि त्याच रात्रीपासून तिच्या खासगी नंबरवर टोमणे सुरू केले. तुला कोणी घेतलं इथे, तुझ्यासारख्यांनी रांगोळ्या काढाव्यात, असं रोज काहीतरी. तिने ते आम्हा तिघांना पाठवले.

देशपांडे म्हणाले, "वाईटच आहे. पण आपले नियम ग्रुपवरच्या चर्चेपुरते आणि बैठकांपुरते आहेत. खासगी फोन आपल्या हद्दीत येत नाही."

ताईंनी विचारलं, "त्याला तिचा नंबर मिळाला कुठनं? भाजी घेताना?"

नंबर तिने आमच्याच कामासाठी दिला होता. देशपांड्यांनी मान्य केलं.

ऐरोलीला देशपांड्यांच्या घरी महेशला बोलावलं. ताई एकेक मेसेज वाचत गेल्या. चौथ्यानंतर तो म्हणाला, "पुरे." मग अगदी शांतपणे, "मला काढा. पुढच्या महिन्यात फोनची सिस्टीम बदलतेय. नवं व्हर्जन कोण काढणार?"

ते खरं होतं. अंध मुलांच्या एका शाळेत मुलं आमच्याच कीबोर्डवर लिहायची. खाली उतरताना मी ताईंना म्हटलं, "व्हर्जन निघेपर्यंत थांबू या का?"

"आनि तवर तिनं काय करायचं?"

महेशला काढलं. मेसेज थांबले, पण तोवर ऋतुजा ग्रुप सोडून गेली होती. सिस्टीम बदलली आणि कीबोर्ड बंद पडला. शाळेतल्या बाई दर दोन दिवसांनी विचारायच्या, "झालं का हो?" त्यांचं नाव स्क्रीनवर दिसलं की माझी छाती धडधडायची. आम्ही चाचपडत दुरुस्त करत होतो, ताई ऑफिसातून येऊन तपासत होत्या. एक अक्षर जमलं की दुसरं बिघडायचं. चालू झाला तो कसाबसा.

दरम्यान नियमांत आम्ही एक ओळ घातली होती : ग्रुपमुळे झालेल्या ओळखीतून कोणी कोणाला बाहेर छळलं, तर तेही आपण पाहू. लगेच दुसरी तक्रार आली. आमच्यातल्या एकाने स्वतःच्या पानावर निवडणुकीबद्दल मत लिहिलं होतं. त्याला काढा, अशी मागणी. मला वाटलं, आता हे कुठे थांबणार?

ताईंनी नकार दिला. "तो त्याचा ओटा हाय. तिथनं आपल्या मानसाला दगड मारला तर बोला. त्याचं मत मलाबी पटत नाय, पन ते आपलं काम नाय."

मग महेशच्या माणसांनी त्यांना हुकूमशहा म्हटलं आणि निवडणुकीची तक्रार करणाऱ्यांनी घाबरट. ताईंनी ते दोन्ही आमच्यासमोर सपाट आवाजात वाचलं. मग पुढची तक्रार उघडली.

वर्षभराने नवऱ्याच्या बदलीमुळे त्या नागपूरला निघाल्या आणि तक्रारींचं काम माझ्याकडे आलं. सामान बांधायला गेलो होतो, तेव्हा मनात साचलेलं विचारून टाकलं. "ताई, एवढं सगळं केलं, पण ऋतुजा काही परत आली नाही."

खोक्यावर चिकटपट्टी ओढत त्या म्हणाल्या, "ती परत यावी म्हनून नाय केलं. फोन वाजला की तिला धडकी भरू नये म्हनून केलं."