आईनं निवडलेला साधा लॅपटॉप

लग्नामुळं अर्ध्यावर राहिलेलं बी.ए. आईनं साठीला टेकल्यावर पुन्हा धरलं. तासही ऑनलाइन आणि स्वाध्यायही टाइप करून पाठवायचे. म्हणून ती एकटीच नवी पेठेत गेली आणि दुकानातला सगळ्यात साधा लॅपटॉप घेऊन आली. मला न विचारता. आमच्या घरात बटण असलेलं काहीही घ्यायचं तर आधी मला विचारतात. हा मान मला कुणी दिला ते आठवत नाही, पण मी तो सोडलेला नाही. मला रागच आला.

मुलगी बघायला आलेल्या मामाच्या थाटात मी परीक्षा घ्यायला बसलो. मेमरी बेताची. जागा इतकी कमी की एका लग्नाचं शूटिंग टाकलं तर निम्मं वऱ्हाड बाहेर उभं राहील. कॅमेऱ्यात माझाच चेहरा मला ओळखू येईना. एवढ्यावर थांबलो असतो तर तज्ज्ञ कसला? मी एकदम वीस खिडक्या उघडल्या, वर एक सिनेमा लावला, तेव्हा कुठं बिचारा अडकला. मी विजयी मुद्रेनं आईकडं बघितलं.

"मी एका टायमाला एकच धडा वाचती रे," ती म्हणाली.

जेवतानाही मी हेका सोडला नाही. बदलून घेऊ, मी येतो दुकानात, चांगली वस्तू एकदाच घ्यावी, असं बरंच ऐकवलं. आईचं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळं वैतागली की ती कन्नडवर जाते. "साकु," ती म्हणाली. साकु म्हणजे पुरे. ती मला गप्प बसवत होती की लॅपटॉपबद्दल मत देत होती, हे काही कळलं नाही.

पुढच्या रविवारी ती भाजी निवडत बसली होती आणि लॅपटॉप उघडाच होता. मी सहज माझा नेहमीचा गेम टाकून बघितला. सुरूच होईना. मी तिला ओरडून सांगितलं, बघ, यावर एक गेमसुद्धा चालत नाही.

"म्हणून तर घेतला की," ती मेथीची जुडी सोडत म्हणाली. "दुकानदारच सांगत हुता, ह्याच्यावर गेम चालत न्हाय, पिक्चर अडकतंय. म्हटलं, मग हाच दे. मागच्या वर्षी अभ्यासाला टॅब घेतलेला. त्यो कुटं हाय?"

टॅब माझ्या ऑफिसच्या बॅगेत होता. आणि तिचं ते वर्ष वाया गेलं होतं. मला मनापासून लाज वाटली.

त्याच संध्याकाळी तिनं लॅपटॉपला पासवर्ड कसा घालायचा ते मलाच विचारलं. मी नीट समजावून सांगितलं. मग तिनं मला भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि सावकाश एकेक अक्षर दाबत पासवर्ड घातला.