कन्व्हर्टरवर फोडलेला नारळ

आमच्या गाईडसरांनी उभ्या जन्मात सोल्डरिंग आयर्न हातात धरलं नव्हतं. पण पॉवर इलेक्ट्रॉनिक्सवर बोलायला उभे राहिले की वाटावं, वीज यांच्याच घरी जन्माला आली! सगळं संशोधन कॉम्प्युटरवर. पडद्यावर रेघ सरळ आली की सर खूश. खऱ्या बोर्डाचं काही सांगायला गेलं की म्हणायचे, "ते तुम्ही बघा. माझं नाव तेवढं पहिलं टाका." टाकावंच लागायचं. त्यांच्या सहीवाचून पीएचडी होते का कुणाची?

माझं काम म्हणजे सोलर पॅनेलच्या चोवीस व्होल्टचे अठ्ठेचाळीस करणारा कन्व्हर्टर. त्यात माझी स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती. बाहेर शॉर्ट झाला, तर काही जळायच्या आत सर्किटनं आपणहून थांबायचं आणि लाल दिवा लावायचा. तेवढ्यावर तीन पेपर झाले, तिन्हींवर सरांचं नाव वर. अंबाजोगाईच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवत होते. डिग्री झाली तर नोकरी पक्की, नाही तर चौसाळ्याला जाऊन भावाच्या दुकानात बसायचं.

व्हायवाला बाहेरचे परीक्षक आले. लॅबमध्ये जाऊन बघते तर टेबलाला झेंडूच्या माळा, आणि संस्थेचे अध्यक्ष शाल पांघरून उभे! सरांनीच बोलावलेले, फोटोसाठी. आधी हळद-कुंकू झालं, मग नारळ आला. मी म्हटलं, "साहेब, बोर्ड चालू आहे. जरा बाजूला फोडा ना." सरांनी माझ्यावरच डोळे वटारले.

"मशीनम्होरंच फोडायचा असतो, पोरी. एवढं शिकून हेबी कळंना व्हय?" अध्यक्ष म्हणाले, आणि शिपायावर खेकसले, "बघतो काय बे, तबक धर!" टेबलाच्या कडेवर त्यांनी नारळ हाणला. पाणी उडालं ते थेट माझ्या आउटपुटच्या टर्मिनलांवर. बोर्ड थांबला आणि कोपऱ्यात लाल दिवा लागला.

"गेलं, जळालं!" सर ओरडले. लगेच हात चोळत परीक्षकांकडे वळले. "मी हिला पहिल्यापासून सांगत होतो सर, डिझाइन लई कच्चं आहे म्हणून."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. निर्लज्ज माणूस! पण परीक्षक बोर्डावर वाकले होते. त्यांनी मान वर केली आणि सरांनाच विचारलं, "हा लाल दिवा कशाचा?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. "सप्लाय चालू असल्याचा," सर ठसक्यात म्हणाले.

परीक्षकांनी शांतपणे माझ्या प्रबंधातली पेपरांची यादी उघडली. "या तिन्ही पेपरांवर पहिलं नाव तुमचंच आहे ना?" सर झेंडूची माळ सारखी करायला लागले. मी सप्लाय काढला, टर्मिनल पुसून कोरडे केले, पुन्हा सप्लाय देऊन रीसेट दाबलं. दिवा विझला. मीटरवर अठ्ठेचाळीस. परीक्षक पहिल्यांदाच हसले.

"बघा, नारळाचा गुण!" अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. आणि सर, तीन पेपरांचे धनी, सगळ्यात जोरात मान हलवत होते. "होय साहेब, होय साहेब."

डिग्री मिळाली, नोकरीही पक्की झाली. पुढच्याच महिन्यात सर विचारत आले, "चौथ्या पेपरात माझं नाव कितवं?"

मी म्हटलं, "सर, आधी लाल दिवा कशाचा ते सांगा." सरांनी अजून सांगितलेलं नाही.