दहाची नाणी आणि सासूबाईंचे दात

मुकुटबनला माझी पिठाची चक्की आहे. नवरा वणीकडे कोळशाचा ट्रक चालवतो, आठवड्यातून एकदा घरी येतो आणि आल्या आल्या चक्कीत डोकावून विचारतो, "चालू आहे ना?" हे तो चक्कीबद्दल विचारतो की त्याच्या आईबद्दल, ते मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नाही. दोघींचा आवाज सारखाच.

मध्यंतरी आमच्या भागात दहाचं नाणं चालेनासं झालं. काहून, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. कुणी म्हणे, दहा रेघांचं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं. कुणी म्हणे, सरकारनंच बंद केलं, टीव्हीवर दाखवलं. कोणत्या टीव्हीवर, ते विचारलं की माणूस शेजाऱ्याचं नाव सांगे. आमचा किराणावाला तर नाणं पाहून असा हात मागे घ्यायचा, जशी मी त्याच्या तळहातावर पाल ठेवते आहे. "वहिनी, पैसे नंतर द्या, पण हे नका देऊ."

माझी मात्र पंचाईत होती. किराणावाला साखर पुन्हा पोत्यात ओतू शकतो. मी दळून झालेल्या पिठाचे परत गहू कसे करणार? गिऱ्हाईक डबा डोक्यावर घ्यायचं, चार नाणी फळीवर ठेवायचं आणि निघायचं. मी ओरडायची, पण चक्कीच्या आवाजात माझं कोण ऐकतं! हळूहळू गावभर झालं की चक्कीवाली घेते. मग ज्यांचं दळण नव्हतं तेही किलोभर ज्वारी घेऊन येऊ लागले. एके दिवशी देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष स्वतः आले, हातात पिशवी. दानपेटी उघडली होती म्हणे, आणि लोकांनी मारोतीला मनोभावे तीच नाणी वाहिली होती जी बाजारात कुणी घेत नव्हतं.

"तुम्ही घेता म्हणून ऐकलं," अध्यक्ष म्हणाले. "देवाचे आहेत, नाही म्हणू नका."

"देवाला नोटाच पाहिजेत का?" मी विचारलं.

"देवाला चालते हो, पण रंगवाला घेत नाही."

मी घेतली. सातशे रुपयांची. त्या दिवसापासून माझा नवरा मला चिल्लरबाई म्हणायला लागला.

ही सगळी नाणी मी तेलाच्या रिकाम्या पिप्यात टाकत गेले. हळूहळू पिपा इतका जड झाला की पायानं सरकेनासा झाला. आणि त्याच सुमारास सासूबाईंच्या तोंडातला शेवटचा दात दुखू लागला. खाली डावीकडे एकटाच उभा होता. त्या त्याला 'म्हातारा' म्हणत. वणीच्या दातांच्या डॉक्टरनं म्हातारा काढला आणि सांगितलं, पूर्ण कवळी बसवा, पंधरा हजार.

सासूबाई ऐंशीच्या घरात. भाकर दुधात कुस्करून खायच्या, आणि मी चक्कीत फुटाणे खात बसले की माझ्या तोंडाकडे असं बघायच्या की घास गिळवत नसे. तरी म्हणाल्या, "पंधरा हजारात दोन बकऱ्या येतात. दात घालून मले का लग्न कराचं हाय?"

मी घरी येऊन पिपा काट्यावर चढवला. चक्कीचा इलेक्ट्रॉनिक काटा माझ्याकडे होताच. आधी एक किलो नाणी मोजून पाहिली, एकशेतीस भरली. पिप्याचं वजन वजा करून बारा किलो. म्हणजे पंधरा हजार आणि वर सहाशे. माझ्याकडे गव्हाच्या भावाच्या कितीतरी पट महाग माल पडून होता आणि तो कुणी फुकटही घेत नव्हतं.

पहिल्यांदा बँकेत गेले. शहाण्या माणसानं तेच करायला पाहिजे, असं आमचा पोरगा पुण्याहून फोनवर म्हणाला. चार किलो पिशवीत घेऊन मी एसटीनं वणीला गेले. एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली गेला तो त्या दिवशी. कॅशियरनं पिशवी पाहिली, मला पाहिलं, घड्याळ पाहिलं.

"मॅडम, असं सुटं नाही घेता येत. शंभर-शंभरच्या थैल्या करून आणा."

मी खाली फरशीवर बसून त्याच्यासमोर थैल्या केल्या. पाच झाल्या. तेव्हा तो म्हणाला, "मोजायला माणूस नाही. रोज एक थैली घेऊ."

"मी रोज मुकुटबनहून येऊ?"

"मग काय मी येऊ?" तो म्हणाला, आणि त्याचंही खरंच होतं.

सोळा थैल्या म्हणजे सोळा फेऱ्या, सोळा दिवस चक्की बंद. एक थैली देऊन उरलेलं ओझं परत आणलं. येताना कंडक्टरला तिकिटाला तीन नाणी दिली. त्यानं घेतली. माझ्या आधी त्यानं एकाला दोन दिली होती, म्हणून त्याला नाही म्हणता आलं नाही.

नवऱ्यानं पेट्रोलपंपावर दोनशे रुपयांची खपवली. पुढच्या खेपेला तिथला माणूस त्याला येताना पाहून हवा भरायच्या खोलीत जाऊन उभा राहिला. मी गावात दोन लग्नांत अहेराच्या पाकिटात पन्नासच्या नोटेऐवजी पाच नाणी घातली. पाकीट फाटलं आणि मांडवभर नाणी पळाली, तेव्हा तो मार्गही बंद झाला.

मग बाजाराच्या दिवशी एक गोष्ट घडली. मी आणि सासूबाई आठवडी बाजारात वांगी घेत होतो. वांगेवाली जवळच्या पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून येते, माझ्याच वयाची. वांगी झाली तीस रुपयांची, मी शंभराची नोट दिली. तिच्याकडे सुटे नव्हते. तिनं चाळीस रुपये कसेबसे जमवले आणि उरलेल्या तिसांचा सांभार माझ्या पिशवीत कोंबायला लागली. एवढी कोथिंबीर आमच्या घरी महिनाभर संपली नसती.

"अवं, सांभार कायले देतं? सुटे ठेव ना जवळ," सासूबाई म्हणाल्या.

"कोठून ठेवू बुढे? शंभर, दोनशे, पाचशे, सारे मोठ्याच नोटा आणतात. सुटे पायजेत म्हणून दुकानात गेली तं म्हणते, काहीतरी घे. रोज बिस्किटाचा पुडा घ्यावा लागते."

सासूबाई बोटांवर काहीतरी मोजू लागल्या. त्या मोजू लागल्या की मला भीती वाटते. घरी आल्यावर पिप्याशी जाऊन उभ्या राहिल्या आणि पायानं त्याला हलवून पाहिलं.

"पुढच्या बाजारी मी बसतो," म्हणाल्या. आमच्याकडे बायकाही 'बसतो'च म्हणतात.

"कुठं बसता आत्याबाई?"

"वांगेवालीच्या बाजूनं. सुटे देतो."

"अवो, दहाचं नाणं चालत नाही म्हणून तर पिपा भरला!"

"चालत नाई? पाय हायेत का त्याले? चालवा लागते."

मला लाज वाटत होती, ते सांगून टाकते. चक्कीवालीची सासू बाजारात पोतं अंथरून पैसे घेऊन बसली, म्हणजे लोक काय समजतील? पण पुढच्या बाजारी त्या लिंबाखाली पोत्यावर बसल्याच, पुढ्यात स्टीलचा डबा आणि डब्यात दोन किलो नाणी. मी बाजूला उभी, पदर कपाळापर्यंत ओढून.

वांगेवालीनं नाणं पाहिलं आणि तोंड फिरवलं. "बुढे, हे कोनी घेत नाई."

"तू घे. दहा घे, मले शंभराची नोट दे. कोनी नाई घेतलं तं पुढच्या बाजारी परत आनजो, तुही नोट तुले देतो. मी इथीच बसून राहतो. पळून पळून जाईन कोठी? हे गुडघे पाय माहे."

वांगेवालीनं खरंच गुडघ्यांकडे पाहिलं. मग नोट काढली. तिच्या पाठोपाठ मिरचीवाली आली, मग बांगड्यांवाली. चिवडा-शेव विकणाऱ्या एकानं बराच वेळ रेघा मोजल्या.

"पंधरा रेघा हायेत याच्यावर."

"तुले पाच जास्त देल्या ना, घे," सासूबाई म्हणाल्या.

त्यानंही दहा घेतली. त्या दिवशी पाचेकशे रुपयांची गेली असतील. मी आठवडाभर झोपले ती एकाच विचारात, की सगळ्या बायका सगळी नाणी घेऊन परत येणार आणि वर बोलणार. पुढच्या बाजारी मी कमरेच्या बटव्यात नोटा घेऊनच गेले. वांगेवाली आमच्या आधी येऊन बसली होती. आम्हाला पाहून उठून आली तेव्हा माझा हात बटव्याकडे गेला.

"बुढे, वीस दे आज," ती म्हणाली. "सारे गेले. मी देल्लं, त्यायनं घेतलं. कोनी पाहेच ना."

एवढंच होतं. सुटे परत देताना गिऱ्हाईक नाणं घेत होतं, कारण नाही घेतलं तर सांभार घ्यावा लागला असता. मिरचीवालीनं वांगेवालीकडून घेतलं, बांगड्यांवालीनं मिरचीवालीकडून. या बायकांच्या हातात नाणं फिरलं आणि ते चालू लागलं.

परत घेऊन आला तो एकटा चिवडेवाला. मूठभर नाणी पोत्यावर ठेवली. सासूबाईंनी बोटानं एक एक बाजूला केलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

"तुले देल्ले किती?"

"दहा."

"हे तेरा कसे झाले रे? व्याले काय?"

आजूबाजूच्या सगळ्या बायका हसल्या. घरात पडलेली आपली तीन त्यानं सोबत आणली होती. सासूबाईंनी दहा घेतली, शंभराची नोट दिली, तीन त्याच्या हातात परत ठेवली. तो तिथंच घुटमळत राहिला, आणि बायका वीस-वीस घेऊन जाताना पाहून थोड्या वेळानं म्हणाला, "बुढे, माहे ते दहा देऊन टाक मग."

"संपले," सासूबाई म्हणाल्या. डबा अर्धा भरलेला होता आणि त्यालाही दिसत होता.

चौथ्या बाजारापर्यंत ही नाणी किराणावाल्यापर्यंत पोचली. तेल-मीठ घ्यायला गेलेल्या बायकांनी ती काउंटरवर ठेवली. त्यानं नेहमीसारखा हात मागे घेतला. वांगेवाली म्हणाली, मग आम्ही समोरच्याकडून घेतो, आणि सहा-सातजणी खरंच समोर गेल्या. मी चक्कीच्या दारातून पाहत होते. इतका आनंद मला पोराच्या नोकरीचाही झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी किराणावाल्यानं नाणी घेतली, आणि पुढच्या बाजारी तो स्वतः लिंबाखाली आला. त्याला तीन हजारांचे सुटे पाहिजे होते.

"शंभराच्या नोटेले नव," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे दहा रुपये कापता?"

"माहे बसाचे. बायांले तसेच देतो. तुह्यापाशी गादी हाय, माह्यापाशी पोतं."

त्यानं दिले. मी मध्ये पडणार होते, पण मला त्याच्या तळहातावरची पाल आठवली. तो पिशवी घेऊन गेला.

सहाव्या बाजाराला पिपा रिकामा झाला. वांगेवाली म्हणाली, आता पुढं काय करायचं, तर सासूबाईंनी तिला सांगितलं की मारोतीच्या दानपेटीत खूप पडलेत, अध्यक्षाले विचार, त्याले रंगवाल्याले नोटा द्याच्या हायेत. तेव्हापासून त्या दोघांचा परस्पर व्यवहार सुरू आहे. मला त्यात कुणी विचारत नाही.

कवळीसाठी वणीला चार फेऱ्या झाल्या. माप घेणारा डॉक्टर पोरगेलासा होता, सारखा "आजी, आ करा" म्हणायचा. सासूबाई मला म्हणाल्या, "साऱ्या जिंदगीत पहिला माणूस भेटला जो मले तोंड उघड म्हणते." शेवटच्या फेरीला कवळी बसवून त्यानं आरसा हातात दिला.

सासूबाई आरशात बघत राहिल्या. हसून पाहिलं. मग आरसा लांब धरला, जवळ आणला. मला वाटलं, रडतात की काय.

"काहून, आत्याबाई? टोचते का?"

"नाई." आरसा खाली ठेवून म्हणाल्या, "हे तं माही जाव हाय."

त्यांची जाऊ मला चांगली आठवते. मोठे, पांढरेशुभ्र दात असलेली बाई. तांब्याच्या एका गुंडावरून, म्हणजे पाण्याच्या हंड्यावरून, दोघी एकाच अंगणात वीस वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत. पाणी भरायलासुद्धा वेगवेगळ्या वेळी जायच्या. ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तो गुंड आमच्याकडेच आहे.

डॉक्टरला काही कळलं नाही. तो विचारत होता, दात जास्त मोठे वाटतात का, थोडे घासून देऊ का? सासूबाईंनी मान हलवली. राहू दे म्हणाल्या.

बसस्टँडवर मी दहाचे फुटाणे घेतले. सासूबाईंनी एक तोंडात टाकला, चावला, आणि तो आवाज ऐकून स्वतःच दचकल्या. मग दुसरा टाकला. बघता बघता पुडी संपली.

"ते हासे तं अशीच दिसे," मग म्हणाल्या. "मी तिले हासताना दुरूनच पाह्यलं."

मी त्यांच्या पदरावरची फुटाण्याची टरफलं झटकली.

"आता रोज सकाळी घासा लागन तिले," सासूबाई म्हणाल्या. "ब्रश घे वं एक. चांगला घेजो."