निकालाच्या दिवशी काढलेले सर्व्हर

तात्यापारा या हिंदी मुलखातल्या जुन्या मराठी वस्तीतली मंजिरी दाणी राज्याच्या नव्या राजधानीतल्या एका खाजगी डेटा सेंटरमध्ये लागली, ती यज्ञेश्वरदादांच्या शब्दावर. दादा तिथले मुख्य अभियंता. मंजिरीला सख्खा भाऊ नव्हता. दर भाऊबीजेला ती त्यांनाच ओवाळायची.

तिचं काम लोड बॅलन्सिंगचं. एखाद्या वेबसाइटवर माणसांची एकदम झुंबड उडाली की ती गर्दी सगळ्या सर्व्हरमध्ये अशी वाटायची, की कुणा एकावर भार पडू नये. बारावीच्या निकालासाठी ही व्यवस्था तिनं जीव ओतून बसवली होती.

निकाल लागला आणि वेबसाइट कोलमडली. मंजिरीनं पाहिलं तर निम्मे सर्व्हर वाटणीतच नव्हते. ते काढण्याचा अधिकार तिच्याखेरीज फक्त दादांना. तिनं आधी ते परत जोडले, वेबसाइट हळूहळू चालू झाली, मग ती त्यांच्या केबिनमध्ये गेली.

"उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं सॉफ्टवेअर त्या सर्व्हरवर चालवून पाहत होतो," दादा खाली बघत म्हणाले. "माझं बाहेरचं काम. वाटलं, निकालाची गर्दी बाकीचे सर्व्हर ओढून नेतील. तू कोणाले बोलू नको, मी पाहून घेतो."

दुपारच्या बैठकीत संचालकांनी विचारलं, "लोड की सेटिंग किसकी थी?"

"मंजिरी की," दादा म्हणाले. त्यांचा आवाज जरासुद्धा अडखळला नाही.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. पुढचं वाक्य आता येईल, मग येईल. ते आलंच नाही. तिची नोकरी गेली. दुसरीकडे विचारायला जावं तर निकाल बुडवणारी म्हणून तिचं नाव आधीच पोचलेलं असे.

भाऊबीजेला दादा नेहमीसारखे पेढे घेऊन आले. नोकरी गेल्याचं घरी ठाऊक होतं, कुणामुळे ते नव्हतं. आईनं, इंदूबाईंनी, पाट मांडला. "मंजिरी, निरांजन आण ना."

"नाही आणत, आई. सर्व्हर यांनी काढले होते. नाव माझं सांगितलं."

"तुले दुसरी नोकरी भेटली असती," दादा पुटपुटले. "माझ्यामागं लेकरंबाळं आहेत." ते उठले. इंदूबाईंनी त्यांना थांबवलं नाही, पेढ्यांचा पुडा तेवढा त्यांच्या हातात परत दिला.

मग त्या लेकीजवळ बसल्या. "मंग तवाच काहून नाही बोलली तू?"

"मले वाटलं, दादा स्वतःच सांगतील," मंजिरी म्हणाली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला रडू फुटलं.